आण्णांचे मास्तर

वर्गात शिरण्याआधी ते दार वाजवायचे. दार सताड उघडं असलं तरी. आत पोरांचा कालवा चाललेला असायचा आणि हा सहा फुटी माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून बोटाच्या पेरांनी चौकटीवर टकटक करायचा. "येऊ का आत?" पोरं एका सुरात ओरडायची, "या सर!" मगच पाय आत पडायचा.

मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं. "अहो सर, वर्ग तुमचाच. परवानगी कसली मागता?"

"वर्ग त्यांचा हाय," ते म्हणाले. "माझा फक्त तास."

तुमच्याही शाळेत असा एखादा शिक्षक होऊन गेला असेल. जुने विद्यार्थी भेटले की बोलणं फिरून फिरून त्याच्यावरच येतं. सांगलीच्या आमच्या शाळेतले हे सर मात्र आणखी एका कारणानं लक्षात राहायचे. त्यांचा जन्म त्रिनिदादचा. नकाशात वेस्ट इंडिजच्या बेटांची जी माळ दिसते, तिच्या अगदी शेवटी, दक्षिण अमेरिकेला खेटून असलेलं ते बेट. सरांचे पूर्वज आफ्रिकेतून धरून नेलेले आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत राबवलेले. सर स्वतः काळेभोर, केस कुरळे, आवाज विहिरीतून यावा तसा खोल. बायकोच्या भावकीच्या गावी, पलूसकडं पहिल्यांदा जाताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंचे फड बघून ते बायकोला म्हणाले होते, "एवढं लांब आलो, तरी पुन्हा ऊसच?"

ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. शिक्षक-खोलीत आमची टेबलं शेजारी आणि माधवनगरात आमची घरं एका गल्लीत. त्यामुळं त्यांना दोन्हीकडून बघायला मिळालं.

वेस्ट इंडिजचा माणूस म्हटल्यावर सांगलीकरांच्या डोक्यात पहिली गोष्ट काय येणार? शिक्षकांच्या क्रिकेट सामन्यात नवा चेंडू न विचारता त्यांच्या हातात गेला. समोरच्या शाळेचे भूगोलाचे शिक्षक बॅट घेऊन उभे होते. सरांना पाहून त्यांनी आधी डोक्याला बांधायला टॉवेल मागवला. सर लांबून धावत आले. चेंडू सुटला तो थेट सीमेबाहेरच्या पाण्याच्या माठावर. माठ फुटला.

"सर, तुम्हाला क्रिकेट येत नाही?" पोरांना हा धक्का सोसवेना.

"आमच्या बेटावर कुणीतरी पुस्तकंपण वाचायला पाहिजेत ना," सर म्हणाले, आणि ओले तुकडे गोळा करायला लागले.

त्यांचं मराठी ही शिक्षक-खोलीची करमणूक होती, आणि माझी डोकेदुखी. परदेशी माणूस शिकलेलं, पुस्तकी मराठी बोलतो अशी आपली समजूत असते. सर बोलायचे ते माधवनगरच्या गिरणीकामगारांचं मराठी, त्यातल्या सगळ्या फोडणीसकट. एकदा ऐन उन्हाळ्यात शिक्षणाधिकारी तपासणीला आले. सरांनी अदबीनं पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाले, "घ्या सायेब. च्यायला, लय ऊन हाय आज." मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. अधिकारी म्हसवडचे, त्याच बोलीतले निघाले. ते खदखदून हसले.

"सर, गाव कुठलं तुमचं?"

"माधवनगर," सर म्हणाले. त्यात त्यांना काही गंमत वाटली नव्हती.

मी त्यांना सुधारायला जायचे. "सर, 'हाय' नाही. 'आहे'."

"बाई, 'आहे' पुस्तकात हाय. आमच्या घरात 'हाय' हाय."

ते घर कसं होतं, हे आता सांगायला हवं.

सर तरुणपणी शिकायला पुण्याला आले आणि टायफॉइडनं आजारी पडले. दवाखान्यात सुमन नर्स होती. ताप उतरला तरी हे काही ना काही निमित्त काढून दवाखान्यात जात राहिले. सुमन माधवनगरची. वडील कापडगिरणीत मागावर होते, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. थोडी शेती पलूसकडं भावकीत. पोरगी परक्या देशाच्या माणसाशी, त्यातही ख्रिस्ती, त्यातही इतक्या काळ्या माणसाशी लग्न करते म्हटल्यावर आण्णा लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर पुण्यालाही गेले नाहीत.

मग सुमनची आई वारली. भाऊ संपत फौजेत, दूर सीमेवर. आण्णा घरात एकटे. सुमन नवऱ्याजवळ काही बोलली नव्हती. एका रविवारी सरच म्हणाले, "आपण तिकडं राहायला जाऊ."

"ते तुम्हाला घरात घेणार नाहीत."

"मग ओट्यावर राहीन. ओटा केवढा मोठा आहे ते तूच सांगतेस की."

सामानाचा टेम्पो आला तेव्हा मी खिडकीतून बघत होते. आण्णांनी दार उघडलं, सुमनच्या कडेवरून रेवाला, त्यांच्या नातीला, घेतलं आणि वळून आत गेले. जावयाला या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सर थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी गादीची वळकटी खांद्यावर घेतली आणि आत गेले.

त्या घरात पुढं जे चाललं ते गल्लीला तोंडपाठ होतं. आण्णा जावयाशी बोलायचे नाहीत. बोलायचंच झालं तर सुमनमार्फत.

"सुमे, सांग त्याला, नळाला पाणी आलंय." 'तो' हाताच्या अंतरावर बसलेला.

"सुमन, आण्णांना सांग, बादल्या भरल्या."

"सांग त्याला, टाकीचं झाकण लाव म्हणावं."

"मी काय तारखात्यात नोकरीला हाय का?" सुमन स्वयंपाकघरातून ओरडायची. तिनं मिरजेच्या एका दवाखान्यात काम धरलं होतं. ती ड्यूटीवर असली की निरोप रेवामार्फत जायचे. रेवाला हा खेळच वाटायचा. सर मराठी शिकले ते असे, त्यांच्यासाठी असलेल्या पण दुसऱ्याला उद्देशून बोललेल्या वाक्यांतून. आण्णांचं एकही वाक्य ते वाया जाऊ द्यायचे नाहीत. रेवा पाळण्यातून सातवीत गेली तरी निरोप्याची ही पद्धत चालूच होती.

रेवानं केस वडिलांचे घेतले होते. घट्ट, कुरळे, कंगव्याला दाद न देणारे. सुमननं हात टेकले तेव्हा ते काम सरांनी घेतलं. सकाळी ओट्यावर ते वरच्या पायरीवर बसायचे, रेवा खालच्या पायरीवर, त्यांच्या गुडघ्यांच्या मधे. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. डोक्याला चिकटलेल्या बारीक वेण्यांच्या ओळीच्या ओळी ते घालायचे, नुकत्या नांगरलेल्या रानासारख्या. त्यांच्या आईनं बहिणींच्या घातलेल्या पाहून शिकले होते. शाळेचा नियम दोन वेण्या आणि लाल रिबिनीचा. सरांनी सगळ्या ओळी मागं नेऊन दोन वेण्यांत मिळवल्या आणि टोकाला लाल रिबिनी बांधल्या. नियमाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. पुढच्या रविवारी गल्लीतल्या चार-पाच मुली तेल लावून ओट्यासमोर हजर.

आण्णा खुर्चीत बसून बघत होते. "सुमे, सांग त्याला, न्हाव्याचं दुकान टाक म्हणावं." असं म्हणाले खरे; पण पोरींना बसायला जागा व्हावी म्हणून खुर्ची त्यांनीच मागं सरकवली.

रेवा सातवीत होती त्या उन्हाळ्यात सर तिला घेऊन त्रिनिदादला निघाले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांच्या आईनं नात पाहिली नव्हती. तिकिटं काढून झाली होती. शिक्षक-खोलीत ते आम्हाला आईच्या घराचं वर्णन करून सांगायचे. लाकडी खांबांवर उभं केलेलं घर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात आईची झुलती खुर्ची. वार्षिक परीक्षा चालू असताना एका सकाळी आण्णा नळावर बादली उचलायला वाकले आणि तिथंच कोसळले. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं येईलही परत. पण रोज सराव घ्यावा लागेल, चिकाटीनं, आणि लगेच सुरू करावा लागेल.

"तुम्ही दोघं जाऊन या," सुमन म्हणाली. "मी रजा टाकते."

"तू नर्स हायस. अंग पुसणं, औषध देणं तुला येतं," सर म्हणाले. "शिकवायचं काम माझं."

"आणि तुमची आई?"

"तिला फोन केला. म्हणाली, आधी म्हाताऱ्याकडं बघ. पुढच्या वर्षी ये."

संध्याकाळी ते माझ्याकडं आले. "बाई, मराठीतला सगळ्यात सोपा शब्द कुठला?"

मी जरा विचार करून म्हटलं, "आई. ओठ मिटावे लागत नाहीत, जीभ कुठं टेकावी लागत नाही. नुसतं तोंड उघडायचं."

"मग तिथूनच," ते म्हणाले.

तुम्ही कधी अर्धांग झालेल्या, तापट, स्वाभिमानी माणसाला बोलायला शिकवायचा प्रयत्न केला आहे? सर समोर आरसा धरायचे, स्वतःचं तोंड मोठं उघडून दाखवायचे. आण्णांनी डाव्या हातानं आरसा भिरकावला. दुसरा आणला, तोही भिरकावला. मग ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. सरांनी खाट ओढून भिंतीपासून लांब केली आणि मधल्या जागेत स्टूल टाकून बसले. "आण्णा, भिंत मराठी शिकवत न्हाई." आता सुमनमार्फत निरोप धाडायला आण्णांकडं शब्दच नव्हते, आणि सर मात्र आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याशी समोरासमोर बोलत होते. जावई बोलायचा, सासरा डोळे वटारायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हे आधीपेक्षा बरं चाललंय.

सूर सापडला तो अपघातानं. सर अंगणात आण्णांचे कपडे धूत होते आणि धुताना काहीतरी गुणगुणत होते. त्यांच्या आईची कपडे धुतानाची चाल होती ती, शब्द नसलेली, उड्या मारत वर जाणारी. खोलीतून कुणीतरी तीच चाल धरली. सर ओल्या हातांनी आत धावले. आण्णा छताकडं बघत गुणगुणत होते. शब्द पळाले होते, पण चाल शाबूत होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी, त्याचा उपयोग करा.

मग सरांनी त्या चालीत मराठी घातलं. पाणी दे. भाकर वाढ. दार लाव. आधी दोघं मिळून म्हणायचे, मग सर हळूच आवाज काढून घ्यायचे. "आई" आधी आलं, मग "पाणी". गिरणीतले जुने सोबती संध्याकाळी भेटायला यायचे आणि तोंडाला टॉवेल लावून हसायचे. कारण आण्णा चहा गाऊन मागायचे. शिवाय सरांच्या जिभेवर आपला ट आणि ण कधी नीट बसला नव्हता. ते दोन्ही आता आण्णांच्याही जिभेवरून निसटले.

"आण्णा, कुठल्या मुलखाचं बोलतोयास रं गड्या?" एकानं विचारलं.

आण्णांनी डाव्या हाताचा अंगठा जावयाकडं केला.

पाऊस सरत आला होता, गणपती जवळ आले होते, तेव्हा त्रिनिदादहून सकाळीच फोन आला. सरांची आई गेली होती. ते शाळेत आले. तास घेतले. मला मधल्या सुट्टीत सुमनचा फोन आला म्हणून कळलं. संध्याकाळी मी भाजी-भाकरी घेऊन त्यांच्याकडं गेले, तर ते आरसा घेऊन आण्णांसमोर रोजच्यासारखे बसलेले. सुमननं आण्णांना आधीच सांगितलं होतं.

"चला आण्णा," सर म्हणाले. "आई."

आण्णांनी डाव्या हातानं आरसा बाजूला सारला. या वेळी भिरकावला नाही, खाटेवर ठेवला. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत राहिले.

"आई... गेली... व्हय?"

सरांनी मान डोलावली.

"जेव... जेवला?"

सरांनी मान हलवली, नाही म्हणून.

आण्णांनी खाटेवर मूठ आपटली. "जेव."

चाल नव्हती त्यात. सुमनला हाक नव्हती, रेवामार्फत निरोप नव्हता. मी आणलेलं ताट सुमननं सरांच्या पुढं ठेवलं. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि तो तसाच हातात धरून रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. आण्णा त्यांच्या पाठीवर डाव्या हातानं थोपटत होते, जरा जोरातच, बैलाला थोपटावं तसं. आणि मधूनच म्हणत होते, "जेव. जेव."

त्यांनी सगळं ताट संपवलं तेव्हाच आण्णांनी हात काढला.

पुढच्या उन्हाळ्यात पलूसला भावकीतलं लग्न होतं. आण्णा काठी टेकत गेले, आम्ही शेजारीही गेलो. मांडवात कुणी लांबचा पाहुणा सरांकडं सारखा टकामका बघत होता. शेवटी त्यानं आण्णांना विचारलंच, "आवं आण्णा, हे कोण म्हणायचं? जावई तो हाच का?" त्याच्या त्या 'तो'मध्ये सगळं आलं. सुमनचा चेहरा उतरला. संपत रजेवर आला होता, तो बाह्या सावरून पुढं झाला.

आण्णांनी काठीनं संपतला अडवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला आणि तोवर आसपासची माणसंही वळून बघायला लागली.

"हे... माजं... मास्तर हायती," आण्णा म्हणाले.

मी जन्मभर व्याकरण शिकवलं. आदरार्थी बहुवचन म्हणजे काय हे मुलांना सांगताना फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण त्या मांडवातल्या 'हायती'सारखं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. सर मात्र जमिनीकडं बघत उभे होते. एखाद्या पोराला भर वर्गात शाबासकी मिळावी आणि हातांचं काय करावं ते कळू नये, तसे.

आण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. दोघं संध्याकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायचे. आण्णा मोठ्यानं वाचायचे आणि अडले की सर पुढचा शब्द सांगायचे. आण्णा गेले तेव्हा मडकं संपतनं धरलं. तिरडीच्या पुढच्या बाजूला एका खांद्याला भाऊबंद होते, दुसऱ्याला सर. भावकीतल्या कुणालाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावरही सर माधवनगरातच राहिले. रेवा पुण्याला नोकरीला लागली, तिनं वडिलांना कितीदा बोलावलं. "इथं कोण बघणार गल्लीकडं?" असं म्हणून ते टाळायचे. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी जेवून ते जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मिरजेला ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना ठेवलं. पलूसहून भावकी ट्रॅक्टर भरून आली होती. पाद्रीसाहेब प्रार्थना सांगत होते, ती त्या माणसांना येत नव्हती. टोप्या काढून हातात धरून ती सगळी उभी राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी रेवा आईला घेऊन त्रिनिदादला गेली. सुमन आयुष्यात पुण्यापलीकडं गेली नव्हती. विमानात तिला मळमळलं, तिकडचं जेवण गेलं नाही, नणंदेचं बोलणं निम्मंअर्धं कळलं. हे सगळं तिनं परत आल्यावर मला हसत हसत सांगितलं. मी तिच्या घरी चहा घेत बसले होते.

"आणि काय बघितलंस?" मी विचारलं. "समुद्र?"

"समुद्राकडं एकदाच गेले. बाकी सगळे दिवस ह्यांच्या आईच्या व्हरांड्यात बसून होते. रेवा म्हणायची, आई चल, हे बघू, ते बघू. मी म्हटलं, तू जा."

"का गं? बरं नव्हतं का?"

सुमननं कप खाली ठेवला. "बाई, तिथं सगळी माणसं ह्यांच्यासारखी चालत्यात. मला वाटायचं, ही ह्यांची एकट्याचीच चाल. इथं कधी कुणाची तशी बघितली न्हाई. आणि तिथं बघावं तर रस्त्यानं जाणारा जो तो तसाच. पोरगासोरगा, म्हातारा, पाववाला. पाठमोरं बघितलं की दर वेळी हेच. मी नुसती रस्त्याकडं बघत बसायची."

"कशी म्हणजे?" मी म्हटलं. खरं तर मी इतकी वर्षं त्यांना गल्लीतून जाताना पाहिलं होतं, पण चाल डोळ्यांपुढं येईना.

तिनं हातांनी दाखवून पाहिलं. जमेना. मग ती उठली. पदर खोचला, खांदे सैल सोडले, हात मोकळे ठेवले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी किंचित रेंगाळत, कुठं जायची काहीच घाई नसल्यासारखी, ती माझ्याकडं पाठ करून त्या खोलीतून समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेली.

"अशी," भिंतीपाशी थांबून ती म्हणाली.

मी म्हटलं, "पुन्हा एकदा दाखव."

सुमन दारापाशी परत आली, आणि पुन्हा तशीच चालत गेली.